मामा वरेरकर आणि भाकरीचा प्रश्न

(कोपर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

नाटककार आणि कादंबरीकार भार्गवराम विठ्ठल ऊर्फ मामा वरेरकर यांच्यावर बोलण्यासाठी आपण अर्थशास्त्राच्या एका निवृत्त शिक्षकाला बोलावलेत, याचे काहींना नवल वाटले असेल. नाटकाच्या रचनेचा, संवादांच्या गुणदोषांचा निवाडा करणे हे समीक्षकांचे काम. त्यात मी शिरणार नाही. परंतु वरेरकरांच्या साऱ्या लेखनातून एक प्रश्न सतत डोके वर काढतो आणि तो माझ्या विषयाचा आहे. माणसाची भाकरी ज्याच्या हाती असते, त्याच्याच हाती त्या माणसाची मान आणि मनही जाते काय? मराठी रंगभूमीवर हा प्रश्न वरेरकरांनी जितक्या हट्टाने मांडला, तितका त्यांच्या आधी क्वचितच कोणी मांडला असेल. त्यांनी दिलेली उत्तरे सर्वच मान्य करावीत असे मला वाटत नाही. पण त्यांचा प्रश्न आज आपल्या दारात उभा आहे, म्हणून हे व्याख्यान.

प्रथम चरित्राचा धावता आढावा घेऊ. वरेरकरांचा जन्म २७ एप्रिल १८८३ रोजी चिपळूण येथे झाला. कोकणातील दशावतारी खेळांच्या वातावरणात ते वाढले. औपचारिक शिक्षण फारसे झाले नाही, पण वाचन अफाट. टपाल खात्यात त्यांनी बरीच वर्षे नोकरी केली. त्यांचे पहिले नाटक १९०८ साली रंगभूमीवर आले. पुढे ललितकलादर्श मंडळीशी त्यांचा संबंध जुळला आणि ‘हाच मुलाचा बाप’ या नाटकाने त्यांचे नाव झाले. ते बंगाली शिकले आणि शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या त्यांनी मराठी वाचकांच्या घराघरांत नेल्या. १९५६ साली राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली, १९५९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २३ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. ‘माझा नाटकी संसार’ हे त्यांचे आत्मकथन म्हणजे त्या काळच्या नाटक मंडळ्यांचा जिवंत इतिहास आहे.

या चरित्रातील एक तपशील माझ्यासारख्याला थांबवतो. तो म्हणजे टपाल खात्यातली नोकरी. त्या काळचा रत्नागिरी जिल्हा, म्हणजे आजचे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे, मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरवीत होता. शेती तुटपुंजी, खोताचा जाच, सावकाराचे कर्ज; म्हणून घरचा कर्ता पुरुष बोटीने मुंबई गाठी. बायको, म्हातारे आईबाप आणि मुले गावी राहत. या दोन टोकांना जोडणारा दुवा म्हणजे मनिऑर्डर. १८८० पासून टपाल खात्याने मनिऑर्डरीची व्यवस्था हाती घेतली आणि कोकणातील कितीतरी चुली तिच्यावर पेटू लागल्या. गिरणीत खाडा झाला, पगार कापला गेला, संप झाला, की पंधरा दिवसांत त्याची खबर गावच्या टपाल कचेरीच्या खिडकीशी पोचे. अर्थशास्त्राची पुस्तके ज्याला श्रमाचे स्थलांतर म्हणतात, त्याचे खरे पुस्तक ही खिडकी होती. टपाल खात्यात काम करणाऱ्या कोकणी माणसाला हे चित्र अपरिचित राहणे शक्य नव्हते. वरेरकरांच्या लेखनात पैशाचा व्यवहार इतका उघडपणे येतो, त्याचे एक कारण मला येथे दिसते.

आता नाटकांकडे वळू. ‘हाच मुलाचा बाप’ १९१६-१७च्या सुमाराचे. विषय हुंड्याचा. विवाह हा सौदा झाला आहे, मुलाचा बाप हा विक्रेता आणि मुलीचा बाप हा पिळून निघणारा गिऱ्हाईक, हे त्यांनी प्रेक्षकांना संगीत नाटकाच्या चौकटीत हसवत हसवत दाखवले. हुंड्यावर टीका त्याआधीही झाली होती. वरेरकरांचे वेगळेपण असे की त्यांनी दया मागितली नाही, व्यवहार उघडा केला. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला. त्यासाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक घ्यावी लागली आणि त्या वेळी वरेरकर राज्यसभेचे सभासद होते. नाटक आणि कायदा यांच्यात सुमारे पंचेचाळीस वर्षे गेली. कायदा होऊनही हुंडा गेला नाही, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कारण उघड आहे. मुलीच्या हाती स्वतःची कमाई आणि स्वतःची मालमत्ता नसेल, तर तिच्या लग्नाचा सौदा दुसरेच कोणी तरी करणार.

हा धागा त्यांच्या कादंबऱ्यांत अधिक ठळक होतो. ‘विधवाकुमारी’ १९२८ साली आली. बालविवाहाला आळा घालणारा सारडा कायदा मंजूर झाला १९२९ साली आणि हिंदू विधवेला पतीच्या मिळकतीत मर्यादित हक्क देणारा कायदा १९३७ साली. ही वर्षे शेजारी शेजारी ठेवली म्हणजे वरेरकर कोणत्या वाऱ्यात लिहीत होते ते कळते. त्यांच्या नायिका बंडखोर आहेत असे समीक्षक म्हणतात. मी त्यात एवढीच भर घालीन की त्या बंडखोरीला पैशाची बाजू आहे. विधवेला मिळकतीत हक्क नाही, म्हणून तिला दिराच्या किंवा भावाच्या चुलीशी मिंधे राहावे लागते. या मिंधेपणाला सोवळ्याचे नाव दिले की तो धर्म वाटू लागतो. वरेरकरांनी ते नाव काढून टाकले.

१९२२ साली ‘सत्तेचे गुलाम’ आले. त्याआधी असहकाराच्या चळवळीत गांधीजींनी सरकारी न्यायालयांवर बहिष्कार घालण्याची हाक दिली होती. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांनी हजारो रुपयांची वकिली सोडली होती. या वातावरणात वकिली आणि न्यायदानाचा धंदा वरेरकरांनी रंगभूमीवर ओढून आणला. पुढल्याच वर्षी आलेल्या ‘तुरुंगाच्या दारात’ या नाटकाचा विषय अस्पृश्यता हा होता. त्या काळी संगीत नाटक म्हणजे राजे, राण्या, देव आणि पदे, अशी प्रेक्षकांची सवय होती. केशवराव भोसले १९२१ साली निवर्तले होते आणि ललितकलादर्शची धुरा बापूराव पेंढारकरांवर आली होती. अशा वेळी चालू राजकारणावरचे आणि अस्पृश्यतेवरचे नाटक करणे हा धंद्याच्या दृष्टीनेही धोका होता. नाटक मंडळी ही शेवटी तिकिटाच्या उत्पन्नावर चालते. तिच्यात नट, वाजंत्री, पडदे ओढणारे आणि आचारी अशा अनेकांची पोटे असतात. बापूरावांनी तो धोका पत्करला, याचे श्रेय त्यांना द्यावे लागेल.

वरेरकर प्रचारकी आहेत, हा आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतला गेला. तो अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. त्यांची पात्रे पुष्कळदा भाषणे करतात. परंतु प्रस्थापिताची तळी उचलणारे नाटकही प्रचारच करीत असते. तो प्रचार आपल्या अंगवळणी पडलेला असल्यामुळे आपल्याला कला वाटतो, एवढेच.

येथून आपण गिरणगावात येऊ. ‘सोन्याचा कळस’ हे गिरणीमालक आणि कामगार यांच्या संघर्षावरचे नाटक १९३२ साली आले आणि त्याच विश्वावरची ‘धावता धोटा’ ही कादंबरी १९३३ साली. हा काळ कसा होता? १९२८ साली मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जवळजवळ सहा महिने संप केला होता. दोन मागांऐवजी तीन माग सांभाळा, कमी माणसांत अधिक काम उरका, असा मालकांचा आग्रह होता. कामाच्या या फेररचनेला त्यांनी शास्त्रशुद्धतेचे नाव दिले होते. त्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी तिच्या पुढाऱ्यांना पकडण्यात आले आणि त्याच वर्षीचा दुसरा मोठा संप फसला. त्यापाठोपाठ जागतिक मंदी आली. मुंबईचे वृत्तपत्र वाचणारा मध्यमवर्ग या संपाकडे बव्हंशी उपद्रव म्हणून पाहत होता. त्या मध्यमवर्गालाच तिकीट काढून बसवून वरेरकरांनी त्याच्यापुढे चाळ, पाळी, मुकादम आणि संप उभे केले. मराठी बोलपटाचा जन्मही १९३२ चाच. नाटक मंडळ्यांच्या पायाखालची वाळू सरकत होती. अशा वेळी सुरक्षित विषय घेण्याचा मोह कोणालाही झाला असता.

‘धावता धोटा’ या नावापाशी थोडे थांबले पाहिजे. मागाच्या दोन टोकांमध्ये आडवा धागा घेऊन धावणारे लाकडी साधन म्हणजे धोटा. कांडीवरचा धागा संपला की विणकर नवी कांडी बसवी आणि धोट्याच्या छिद्राला तोंड लावून धागा ओढून घेई. दिवसभरात हे कितीदा तरी करावे लागे. कापसाची तंतुधूळ त्यातून थेट छातीत जाई. याच तोंड लावण्याच्या क्रियेचे निमित्त करून अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्याबाहेर ठेवले जाई, कारण एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याने तोंडाला लावायचा. विणकाम हे अधिक पगाराचे खाते. विटाळाच्या एका समजुतीने हजारो कामगारांना कायमचे कमी पगारात कोंडले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे स्पष्टपणे ठेवला. कामगारांच्या एकजुटीची भाषा बोलणाऱ्यांनी हा धोटा सतत डोळ्यांपुढे ठेवावा, असे मला वाटते. मालकाने पगार कापला तर तो दिसतो. आपणच आपल्या शेजारच्या कामगाराचा पगार जातीने कापतो, तो दिसत नाही.

दुसरी गोष्ट स्त्री कामगारांची. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. रीळ आणि कांड्या भरण्याच्या खात्यांत त्या प्रामुख्याने असत. त्यांच्यावर नाईकिणी देखरेख करीत आणि नाईकिणीची मर्जी राखल्याशिवाय काम टिकत नसे. गिरणीबाहेर खाणावळी चालवून शेकडो एकट्या पुरुषांना जेवू घालणाऱ्याही स्त्रियाच. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतिसाहाय्याचा कायदा झाला. रात्रपाळीवर बंदी आली. स्त्रियांच्या हिताचे हे कायदे होताच मालकांना स्त्री कामगार महाग वाटू लागली आणि पुढल्या काही दशकांत गिरण्यांतून स्त्रिया हळूहळू नाहीशा झाल्या. युनियनांनी त्यासाठी फारसा आवाज उठवला नाही. विधवेच्या मिंधेपणावर लिहिणारा लेखक गिरणगावाकडे वळतो, यात मला एक संगती दिसते. स्वतःची कमाई असलेली मराठी स्त्री प्रथम मोठ्या संख्येने जर कोठे दिसली असेल, तर ती पांढरपेशांच्या दिवाणखान्यात दिसली नाही, ती गिरणीच्या दारातून बाहेर पडताना दिसली.

वरेरकरांच्या नाटकांचा विचार करताना त्यांचा एक इंग्रज समकालीन आठवतो. जॉन गॉल्सवर्दी हाही कादंबरीकार आणि नाटककार. १८६७ ते १९३३ हा त्याचा जीवनकाल, नोबेल पारितोषिक १९३२ चे, म्हणजे ‘सोन्याचा कळस’च्याच वर्षीचे. त्याच्या १९०९ सालच्या ‘स्ट्राइफ’ या नाटकात पत्र्याच्या कारखान्यातील एक संप आहे. कंपनीचा वृद्ध अध्यक्ष आणि कामगारांचा पुढारी, दोघेही न वाकणारे. उपासमारीत पुढाऱ्याची बायको मरते. अखेरीस दोन्ही बाजू आपापल्या नेत्याला दूर सारून तडजोड करतात. त्या तडजोडीच्या अटी कोणत्या? संप सुरू होण्याआधी जो मसुदा पुढे आला होता, नेमक्या त्याच. त्या नाटकाची बांधणी निर्दोष आहे आणि नाटककाराची तटस्थता मन थक्क करणारी आहे. पण श्रीमंत घरात जन्मलेल्या, ऑक्सफर्डला कायदा शिकलेल्या गॉल्सवर्दीला ती तटस्थता परवडत होती. तो दोन्ही छावण्यांकडे सारख्याच अंतरावरून पाहू शकत होता. वरेरकरांची नाटके त्या मानाने ओबडधोबड आहेत. मात्र त्यांनी आपली बाजू लपवली नाही. गुलामीत असलेल्या देशातल्या, टपाल खात्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या लेखकाला सारखे अंतर ठेवणे जमले नाही, आणि ते जमले नाही याचे मला वाईट वाटत नाही.

एवढे म्हटल्यावर मतभेदही नोंदवला पाहिजे. वरेरकरांवर गांधीविचारांचा संस्कार खोल होता. अन्याय करणाऱ्याचे हृदय पालटेल, जाग आली की माणूस न्यायाने वागेल, अशी त्यांची श्रद्धा होती. समेटाची ही ओढ त्यांच्या लेखनात सर्वत्र आहे. एका घरातील हुंड्याच्या प्रश्नाला हे उत्तर काही अंशी लागू पडेल, कारण तेथे मुलगा बापाविरुद्ध उभा राहू शकतो. गिरणीला मात्र ते लागू पडत नाही. गिरणीमालक हा भला की बुरा, हा तेथे दुय्यम प्रश्न आहे. भला मालकही नफ्याच्या दराने बांधलेला असतो. गिरणी चालवण्यापेक्षा गिरणीखालची जमीन विकणे अधिक फायद्याचे ठरले, की त्याच्या चांगुलपणाची कसोटी संपते.

हे मी अनुमानाने बोलत नाही, आपण ते घडताना पाहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही, तो विरून गेला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि उरलेला मालकांसाठी, अशी वाटणी ठरली होती. २००१ साली तिच्यात असा बदल झाला की ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. सुमारे सहाशे एकर जमिनीचा हा इतिहास. त्यात कोणाचे हृदय पालटले असते तर काय झाले असते, हा प्रश्न निरर्थक आहे. नियमातील एका शब्दाने जे हिरावले, ते नियमासाठी संघटितपणे लढूनच टिकवता आले असते. कळस सोन्याचा असो की काचेचा, पाया कोणी घातला हे विसरले की इमारत परकी होते. परळ-लोअर परळचे मनोरे पाहताना हेच मनात येते.

साथींनो, हा इतिहास कोपरला परका नाही. गिरणगावातून उठलेली कितीतरी कुटुंबे रेल्वेच्या रुळांच्या कडेकडेने ठाणे, दिवा, कोपर, डोंबिवली, कल्याण अशी पुढे सरकत गेली. घरासाठी अर्ज केलेल्या गिरणी कामगारांची आणि वारसांची संख्या दीड लाखांहून अधिक, आणि त्यांना घरे देऊ केली ती शेलू-वांगणीला. ज्यांच्या श्रमावर मुंबई उभी राहिली त्यांनी मुंबई सोडून कर्जतच्या वाटेवर राहावे, असा त्याचा अर्थ. २०२५ च्या जुलैमध्ये वृद्ध कामगार आझाद मैदानावर बसले ते याच प्रश्नासाठी. आपल्या खालच्या फलाटावरून सकाळी जी गर्दी लोकलला लोंबकळत जाते, आणि वरच्या फलाटावर वसईकडून येऊन जी उतरते, तिच्यात आज कामगार आहेत, पण त्यांना गिरणी कामगारासारखे एक नाव नाही. कोणी कंत्राटी सफाईवाला आहे, कोणी सुरक्षारक्षक, कोणी मोबाइलच्या हुकमावर घरोघर सामान पोचवणारा तरुण, कोणी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतला हंगामी मजूर. त्यांचा मालक कोण, हे त्यांनाच नीट सांगता येत नाही. मुकादम निदान समोर उभा असे.

गिरणगावाचे लेखन वरेरकरांपाशी थांबले नाही, हे सांगितलेच पाहिजे. गिरणगावातच वाढलेल्या जयंत पवार यांचे ‘अधांतर’ १९९७ साली आले. संप संपल्यानंतर एका कामगार कुटुंबाचे काय झाले, ते त्यात आहे. त्यात समेट नाही आणि हृदयपालटही नाही. ‘सोन्याचा कळस’ ते ‘अधांतर’ हा पासष्ट वर्षांचा प्रवास म्हणजे आशेपासून हिशेबापर्यंतचा प्रवास आहे. वरेरकरांनी कामगाराला बाहेरून पाहिले आणि सहानुभूती दिली. पवारांच्या पिढीने आतून पाहिले आणि जाब विचारला. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी आहे, पण पहिल्याने वाट पाडली होती, हे विसरून चालणार नाही.

म्हणून आपल्यापुढे दोन कामे ठेवतो. पहिले, अभ्यासवर्गात वरेरकरांचे एक तरी नाटक मोठ्याने वाचा. नट नकोत, पडदे नकोत, चारपाच जणांनी बसून वाचले तरी पुरे. वाचून झाल्यावर त्यातला पैसा कोठून येतो आणि कोठे जातो, एवढाच प्रश्न एकमेकांना विचारा. दुसरे काम अधिक तातडीचे. १९८२ च्या संपात उमेदीत असलेले कामगार आज सत्तरीच्या पुढे आहेत. ते याच परिसरातील इमारतींत आणि चाळींत राहतात. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावाचा मौखिक इतिहास २००४ साली ग्रंथरूपाने आणला. त्यांनी जे शहरासाठी केले, ते आपण आपल्या गल्लीपुरते करू शकतो. कोणत्या खात्यात होता, पगार किती होता, मुकादम कसा वागे, संपात चूल कशी पेटली, गावाकडून तांदूळ आला की नाही, मंगळसूत्र कधी गहाण पडले, एवढे विचारून लिहून घ्या. बायकांना वेगळे विचारा, कारण पुरुषांसमोर त्या संपाचा खरा हिशेब सांगणार नाहीत.

गिरण्यांच्या ताळेबंदांत मालकांचा हिशेब नोंदलेला आहे. कामगारांचा हिशेब माणसांच्या तोंडी आहे, आणि ती माणसे आता थकली आहेत. वह्या घेऊन येत्या रविवारपासूनच निघा.